जोतीराव फुले व त्यांची नाकारलेली पुस्तके

पहिलेच पुस्तक लिहून ते छापणाऱ्यांकडे धाडताना लेखकाच्या मनास जी धाकधूक लागते, ती लिहिण्याच्या श्रमाहून मोठी असते. कागद हातून सुटले की निवाडा परक्याच्या हाती जातो. हा निवाडा ज्यांच्या विरुद्ध एकदा नव्हे तर पुनःपुन्हा गेला, त्या महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ठाणे, कल्याणकडील आमच्या वाचकांस ते विशेष जवळचे वाटेल. कारण जोतीरावांच्या एका पुस्तकास मध्येच थांबविणारा संपादक ठाण्यात जन्मलेला होता, आणि तेच पुस्तक कान देऊन ऐकणारे काही श्रोतेही ठाण्याचेच होते.

जोतीरावांचा जन्म सन १८२७ साली झाला. वडील गोविंदराव फुले-भाजीपाल्याचा धंदा करीत. मुलाची शाळा मध्यंतरी सुटली होती. पुढे सन १८४१ पासून पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. सन १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली व पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. सन १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या मोठ्या माणसांसाठी त्यांनी रात्रीची शाळा सुरू केली. त्याच वर्षी त्यांनी आपले पहिले पुस्तक लिहिले.

मराठीत तोवर कादंबरी जन्मास आलेली नव्हती. बाबा पदमनजी यांचे यमुनापर्यटन निघाले ते सन १८५७ साली. जोतीरावांनी आपली गोष्ट नाटकाच्या रूपाने सांगितली व तिला तृतीय रत्न असे नाव दिले. एक गरोदर कुणबीण आहे. एक जोशी तिच्या दारी येतो व ग्रहांची पीडा सांगून तिला घाबरवितो. नवराबायको कर्ज काढून ब्राह्मणभोजन घालतात व कफल्लक होतात. पुढे एका पाद्रीसाहेबांशी त्यांचे संभाषण होते, डोळे उघडतात, आणि दोघेही शिकावयास जाण्याचा निश्चय करितात. गोष्ट साधी आहे, पण जिच्यासाठी ती लिहिली ती कुणबीण त्या काळी गावोगाव होती.

त्या दिवसांत आजच्यासारखे प्रकाशक नव्हते. ज्याच्या गाठीस पैसा नसे, त्याला मोठा आधार दक्षिणा प्राइझ कमिटीचा. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांस जी दक्षिणा वाटीत, तिच्या द्रव्यातून आता चांगल्या मराठी पुस्तकांस बक्षिसे मिळत. जोतीरावांनी आपले नाटक या कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नापसंत केले. तिच्यातील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे त्यांनी पुढे आपल्या गुलामगिरी या ग्रंथात नमूद केले आहे. ज्यांच्या वृत्तीवर पुस्तकाचा रोख, त्यांच्याच हाती त्याची पारख होती. लेखनातील उणिवेमुळे परत आलेले पुस्तक सुधारता येते. परंतु आशयच नको म्हणून परत आलेल्या पुस्तकाचे काय करावे?

जोतीरावांनी ते बाजूस ठेविले, परंतु लेखणी ठेविली नाही. सन १८६९ मध्ये त्यांनी ब्राह्मणांचे कसब हे लहान पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापून काढिले. त्याच वर्षी शिवाजीराजांचा पवाडा प्रसिद्ध झाला, आणि बाबा पदमनजी यांच्या सत्यदीपिकेने त्यांची एक कविता छापली. सन १८७३ मध्ये गुलामगिरी निघाले. पहिल्या नकारापासून पहिल्या छापील पुस्तकापर्यंत चौदा वर्षे गेली.

पुढे शेतकऱ्याचा असूड लिहिताना त्यांनी निराळाच मार्ग धरिला. ग्रंथ जसजसा तयार होई, तसतसा ते तो लोकांस वाचून दाखवीत. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी अशा ठिकाणी ही वाचने झाली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो ऐकिला. ज्या शेतकऱ्यास अक्षरओळख नाही, त्याच्यापर्यंत पोचण्यास छापखान्याची वाट पाहावी लागली नाही. तथापि सन १८८३ मध्ये ग्रंथ पुरा झाला तेव्हा अडचण पुन्हा आलीच. दीनबंधु पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे ठाण्यात जन्मलेले, सत्यशोधक समाजाचे व जोतीरावांचे स्नेही. पाच प्रकरणांपैकी दोन त्यांच्या पत्रात आली. पुढील छापण्यास ते धजले नाहीत. परक्याचा नकार माणूस सोसतो. आपल्या माणसाचा जिव्हारी लागतो. जोतीराव रागावले व संपादकाच्या भित्रेपणास त्यांनी बोल लाविला. परंतु कायमचे वैर झाले नाही. ता. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथे जोतीरावांचा सत्कार होऊन त्यांस महात्मा ही पदवी मिळाली, त्या कार्यात लोखंडे पुढे होते.

त्याच वर्षी जोतीरावांस पक्षाघात होऊन उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहून पुरे केले. ता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले; पुस्तक त्यांच्या पश्चात सन १८९१ मध्ये निघाले. आणि कमिटीने परतविलेले तृतीय रत्न? ते छापून आले सन १९७९ मध्ये, म्हणजे लिहिल्यापासून १२४ वर्षांनी.

हे फार उशिरा झाले, हे आम्ही लपवीत नाही. सन १८५५ ची ती कुणबीण आपली गोष्ट न ऐकताच गेली. नाकारणाऱ्यांनी कर्त्याचे केले त्याहून अधिक नुकसान तिचे केले. म्हणून ज्यांच्या हाती दुसऱ्याचे हस्तलिखित येते, त्यांनी निकाल देण्यापूर्वी ते कोणासाठी लिहिले आहे हे पाहावे. आणि ज्यांचे हस्तलिखित परत आले आहे, त्यांनी ते फाडू नये. ते जपून ठेवावे, चार माणसे जमवून वाचून दाखवावे, आणि दुसरे लिहावयास बसावे.