मुलींना मैदानावर आणणाऱ्या सेंदा बेरेन्सन



खेळाच्या तासाला आम्हाला दरवर्षी एक गोष्ट दिसते. सातवीपर्यंत खो-खो, कबड्डीत पुढे असणाऱ्या मुली आठवी-नववीत गेल्या की कडेला सावलीत बसू लागतात. कोणाची तब्येत नाजूक असते, कोणाला घरून मनाई असते. म्हणून या अंकात आम्ही सेंदा बेरेन्सन यांची ओळख करून देत आहोत. मुलींच्या बास्केटबॉलची जननी म्हणून त्या जगभर ओळखल्या जातात.

सेंदा यांचा जन्म १९ मार्च १८६८ रोजी लिथुआनियात एका ज्यू कुटुंबात झाला. १८७५ साली हे कुटुंब अमेरिकेत बोस्टनला आले. वडील दारोदार भांडी विकून संसार चालवीत. सेंदा लहानपणापासून अशक्त. पियानो शिकण्याची त्यांना फार आवड होती. पण पाठीच्या दुखण्यामुळे ते शिक्षण सोडावे लागले.

तब्येत सुधारावी म्हणून १८९० साली त्यांनी बोस्टनमधील व्यायामशिक्षणाच्या विद्यालयात प्रवेश घेतला. सुरुवातीला व्यायाम त्यांना मुळीच आवडत नसे. काही महिन्यांत मात्र अंगात ताकद आली आणि ही अशक्त मुलगी स्वतःच व्यायामशिक्षिका झाली.

जानेवारी १८९२ मध्ये त्या नॉर्दम्प्टन येथील स्मिथ या मुलींच्या महाविद्यालयात रुजू झाल्या. जवळच्याच स्प्रिंगफील्ड शहरात जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये बास्केटबॉल हा नवा खेळ तरुणांसाठी तयार केला होता. त्याची माहिती वाचून सेंदा यांनी तो आपल्या विद्यार्थिनींना शिकवला. मार्च १८९३ मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला. पुरुष प्रेक्षकांना तिथे प्रवेश नव्हता.

धावपळ मुलींना झेपत नाही, शोभतही नाही, असा त्या काळचा समज होता. सेंदा यांनी त्यातून वाट काढली. मैदानाचे तीन भाग केले. प्रत्येकीने आपल्याच भागात खेळायचे, दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायचा नाही, तो तीन सेकंदांहून जास्त वेळ धरायचा नाही, असे नियम केले. खेळ थोडा संथ झाला खरा. पण मुलींसाठी मैदानाचे दार उघडले. १९०१ साली त्यांनी संपादित केलेली नियमपुस्तिका प्रसिद्ध झाली. पुढे एकेक बंधन गळत गेले आणि १९७१ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन मुली पाच-पाच जणींच्या संघाने पूर्ण मैदानावर खेळू लागल्या.

सेंदा यांचे निधन १९५४ साली झाले. १९८५ साली नेस्मिथ यांच्या नावाच्या बास्केटबॉल सन्मान-दालनात त्यांना स्थान मिळाले. त्याच वर्षी युवतींची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा अमेरिकेत भरली. २०१७ साली आपल्याच राज्यात, बंगळूरला, सोळा वर्षांखालील मुलींची आशियाई स्पर्धा झाली आणि भारतीय मुलींनी 'ब' गटाचे विजेतेपद मिळवले. त्याही आठवी-नववी-दहावीच्याच वयाच्या मुली होत्या.

पालकांना आमची नम्र विनंती आहे की, मुलीची तब्येत नाजूक आहे म्हणून तिला खेळापासून दूर ठेवू नये. सेंदा यांची तब्येत व्यायामानेच सुधारली होती. विश्वस्त मंडळींनीही मुलींच्या खेळाकडे असेच लक्ष द्यावे. आणि मुलींनो, उद्याच्या तासाला सावली सोडून मैदानात या. आम्ही वाट पाहत आहोत.