बाईक का थरथरते? हे कोडं सोडवणारा फ्रेडरिक लँचेस्टर

मागच्या डिसेंबरात ताम्हिणीतून उतरताना माझ्या ३५० सीसीच्या जुन्या सिंगल सिलिंडर बाईकचं हँडल इतकं थरथरायला लागलं की माणगावला पोहोचेपर्यंत बोटांना मुंग्या आल्या. आरशात मागचा ट्रक नुसता पुसट दिसत होता. परत आल्यावर एका गॅरेजमध्ये नवा स्पार्क प्लग बसला, दुसरीकडे चेन-स्प्रॉकेट बदललं. पैसे गेले, थरथर तशीच. सिंगल सिलिंडर आहे, थरथरणारच, असं दोन्हीकडे ऐकायला मिळालं.

मग मी वाचायला बसलो आणि एक माणूस सापडला. इंजिनाची थरथर एकच नसते, तिचे प्रकार असतात आणि प्रत्येकावर इलाज वेगळा, हे ज्यांनी आधी नीट मांडलं त्यांतला हा एक.

फ्रेडरिक लँचेस्टरचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ चा, लंडनच्या लुइशममधला. वडील आर्किटेक्ट. पठ्ठ्या इंजिनिअरिंग शिकला, पण पदवी काही घेतली नाही. विशीत असताना बर्मिंगहॅमजवळ सॉल्टली इथे गॅसवर चालणारी इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात आठवड्याला १ पौंड पगारावर लागला. करारात एक कलम होतं, की नोकरीत तो जे काही शोधेल ते कंपनीच्या मालकीचं. त्याने ते खोडलं आणि मग सही केली! (मी माझ्या ऑफर लेटरमधलं तसलंच कलम वाचलंसुद्धा नव्हतं.) तिथे त्याने इंजिनाचा वेग आपोआप आवरणारा गव्हर्नर बनवला आणि पेटंट स्वतःच्या नावावर घेतलं.

१८९५-९६ मध्ये त्याने पहिली मोटार उभी केली. तीही सिंगल सिलिंडर. ताकद कमी पडली म्हणून दोन सिलिंडरचं नवं इंजिन आलं, आणि इथे त्याचं डोकं दिसतं. त्यात क्रँकशाफ्ट दोन, एकावर एक, उलट्या दिशांना फिरणारे. प्रत्येक पिस्टन दोन्ही क्रँकना जोडलेला. एकाचा हिसका दुसरा खाऊन टाकतो.

हे समजायला आपल्या बाईककडे या. पिस्टन वर-खाली होतो तेव्हा आख्खं इंजिन उलट दिशेने ढकललं जातं. क्रँकवर वजन लावून ते थोपवता येतं, पण ते वजन गोल फिरतं. म्हणजे वर-खालीचा धक्का पूर्ण मारायला गेलात, तर तोच धक्का पुढे-मागे सुरू होतो. म्हणून साधारण निम्म्याच धक्क्याइतकं वजन लावून भागवतात. उरलेला निम्मा मारायचा तर क्रँकच्याच वेगाने, पण उलटं फिरणारं आणखी एक वजन लागतं. दोन्ही वजनांचे आडवे धक्के एकमेकांना खातात, उभे मिळून पिस्टनला थोपवतात. हाच बॅलन्स शाफ्ट.

चार सिलिंडरच्या रांगेत हा पहिला धक्का आपसूक मिटतो, पण कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे दुप्पट वेगाचा एक छोटा धक्का शिल्लक राहतो. त्यावर लँचेस्टरने दोन शाफ्ट सुचवले, क्रँकच्या दुप्पट वेगाने परस्परविरुद्ध फिरणारे. सहा सिलिंडरमध्ये तोही धक्का नसतो, पण लांबलचक क्रँक पिळवटते आणि सुटते, टॉवेल पिळल्यासारखी. १९०९ पासून तो डेमलर कंपनीचा सल्लागार होता. तिथल्या इंजिनांसाठी त्याने क्रँकच्या टोकाला घर्षणावर चालणारा डॅम्पर बसवला.

म्हणजे आधी विचारायचं, थरथर कशाच्या तालात आहे? हे मी माझ्या बाईकवर करून बघितलं. मोकळ्या रस्त्यावर, थरथर चालू असताना क्लच दाबला आणि ॲक्सिलरेटर सोडला. थरथर राहिली असती तर चाक, टायर, बेअरिंग बघायचं. ती गेली, म्हणजे इंजिनाकडे बोट. मग न्यूट्रलला उभ्या गाडीवर ३,६०० आरपीएमला फोन काही सेकंद टाकीवर दाबून धरला, फायफॉक्स ॲपमध्ये. ३,६०० भागिले ६० म्हणजे सेकंदाला ६० फेऱ्या. फोर-स्ट्रोक सिंगलमध्ये स्फोट दोन फेऱ्यांत एकदा होतो, त्यामुळे थरथर स्फोटांच्या तालातली असती तर ३० हर्ट्झला मोठं टोक दिसलं असतं. ते दिसलं ६० ला. म्हणजे पिस्टनचा नेहमीचाच धक्का, पण तो फ्रेममध्ये जास्त का येतोय? इंजिनाचा वरचा माउंटिंग बोल्ट ढिला होता. पाना लावला, काम झालं. प्लग आणि चेन फुकट बदलली होती. (फोन मात्र हँडलवर कायमचा लावू नका. बाईकच्या थरथरीने कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं आहे.)

लँचेस्टरचं पुढे काय झालं? तांत्रिकदृष्ट्या सगळं जमलं, धंदा जमला नाही. भावांबरोबर १८९९ मध्ये काढलेली कंपनी १९०४ मध्ये रिसीव्हरच्या हातात गेली. गाड्या चांगल्या होत्या. आपल्या मुंबईत जन्मलेला लेखक रुडयार्ड किपलिंगही त्या चालवायचा. डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ चं, पण डिस्क ब्रेक सर्रास व्हायला अर्धं शतक जावं लागलं. विमान हवेत का तरंगतं यावर त्याने १८९७ मध्ये लिहिलेला निबंध रॉयल सोसायटीने नाकारला. त्याच सोसायटीने १९२२ मध्ये त्याला फेलो केलं.

शेवटची वर्षं वाईट गेली. पार्किन्सन्स झाला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दुसऱ्या महायुद्धात सरकारी काम करायची इच्छा होती, शरीराने साथ दिली नाही. पैसा नव्हता, मोझलीमधल्या स्वतःच्या घरात राहता आलं तेही लोकांनी मदत केली म्हणून. तिथेच ८ मार्च १९४६ ला तो गेला.

१९७० च्या दशकात मित्सुबिशीने चार सिलिंडरच्या इंजिनात दोन शाफ्ट टाकून त्यांना सायलेंट शाफ्ट असं नाव दिलं, आणि पुढे पोर्शेने ९४४ साठी मित्सुबिशीकडून परवाना घेतला. आता रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४११ मध्ये आणि मीटिअर ३५० मध्येही बॅलन्सर आहे. माझ्या जुन्या गाडीत नाही. तो बोल्ट मी आता प्रत्येक लांबच्या राईडआधी तपासतो.