समुद्रातला साप आणि फादर स्टीफन्स



गेल्या पावसाळ्यात आपल्या चर्चच्या आवारात एक धामण निघाली. धर्मशिक्षणाच्या वर्गाला आलेल्या मुलांनी ती काठ्यांनी मारली. मी बाहेर आलो तेव्हा एक मुलगा मोठ्या अभिमानाने सांगत होता की आम्ही सैतानाला मारले. धामण विषारी नसते, ती उंदीर खाते आणि आपली नागली-वरई वाचवते, हे मोखाड्यातल्या मुलांना शिकवावे लागत नाही. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तरीही त्यांनी ती मारली, कारण आदल्याच रविवारी मी त्यांना एदेन बागेतल्या सापाची गोष्ट सांगितली होती. चूक मुलांची नव्हती, माझी होती. मी अर्धीच गोष्ट सांगून वर्ग सोडला होता.

त्या दिवसापासून मला फादर थॉमस स्टीफन्स यांची वरचेवर आठवण येते. मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचणारे हे येशूसंघीय धर्मगुरू आपल्यापैकी अनेकांना नावाने माहीत आहेत. त्यांचे आयुष्य मात्र फारसे कोणी सांगत नाही.

त्यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन या खेड्यात झाला. राणी एलिझाबेथच्या त्या काळात तिथे कॅथलिक म्हणून उघडपणे जगणे कठीण होते. तरुण थॉमस देश सोडून रोमला गेले आणि 1575 साली येशूसंघात दाखल झाले. पूर्वेकडे जाण्याची त्यांची ओढ वरिष्ठांनी मान्य केली. 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बन बंदरातून पाच जहाजे निघाली, त्यांतल्या एकावर ते होते.

हा प्रवास साडेसहा महिन्यांहून अधिक चालला. ताजे अन्न आणि गोडे पाणी संपत आले. हिरड्या सुजून, पाय सुजून माणसे आडवी होऊ लागली. त्यांच्या जहाजावर दीडशेहून अधिक जण आजारी पडले आणि सत्तावीस जण वारले. 24 ऑक्टोबर 1579 रोजी जहाज गोव्याला लागले. पुढच्याच महिन्यात त्यांनी आपल्या वडिलांना एक लांब पत्र लिहिले. ते पत्र आजही वाचायला मिळते.

त्या पत्रात समुद्रातल्या विलक्षण प्राण्यांची वर्णने आहेत. पाण्यातून उडणारे मासे आहेत. कोंबड्याच्या तुऱ्यासारखा सुंदर दिसणारा, खाली पाण्यात दोरे सोडलेला आणि हात लावताच जिवावर बेतणारा एक जीव आहे. माणसे खाणारे शार्क मासे आहेत. त्यांच्या पुढेमागे निळ्या-हिरव्या पट्ट्यांचे छोटे मासे चाकरांसारखे चालतात आणि आणखी काही मासे त्यांच्या अंगाला चिकटूनच राहतात. हे सारे तरुण धर्मगुरू मुलाच्या कुतूहलाने पाहत होता.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्यातली एक साधी नोंद. हिंदुस्थान जवळ आल्याच्या खुणा ते वडिलांना सांगतात. आधी इकडचे पक्षी दिसले. मग पाण्यावर ताडामाडाच्या फांद्या तरंगताना दिसल्या. त्यानंतर समुद्रात पोहणारे साप दिसले. साप दिसले की वारा अनुकूल असल्यास दुसऱ्या दिवशी जमीन दिसणारच, अशी खलाशांची खात्री होती. मरणाच्या दारातून आलेल्या त्या माणसांना साप पाहून केवढा आनंद झाला असेल! आपल्या देशाने फादर स्टीफन्स यांचे स्वागत केले ते सापाच्या रूपाने.

पुढची चाळीस वर्षे त्यांनी गोव्यात, मुख्यतः साष्टी भागात काढली. राशोलच्या येशूसंघीय विद्यालयाचे ते प्रमुखही होते. ते कोंकणी शिकले, मराठी शिकले आणि 1583 साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इकडच्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे कळवले. युरोपातल्या पंडितांना ही गोष्ट उमगायला पुढे बराच काळ जायचा होता.

तो काळ मात्र सोपा नव्हता. 1567 साली साष्टीतली शेकडो देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. 1583 च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी गावात पाच येशूसंघीय मारले गेले आणि नंतर त्या गावच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. त्या मातीत दोन्ही बाजूंचे रक्त सांडले, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. माणसांकडून त्यांच्या कथा हिसकावून घेतल्या आणि त्या जागी काहीच दिले नाही, तर मन रिकामे होते आणि रिकाम्या मनात भीती किंवा राग भरतो.

ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच हा प्रश्न येतो. एक नवख्रिस्ती गृहस्थ धर्मगुरूंना विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरी का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणून फादर स्टीफन्स यांनी जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या. पहिल्या पुराणात उत्पत्तीपासूनच्या जुन्या कराराच्या कथा आल्या, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. 1616 साली राशोल येथे ते छापले गेले, तेही रोमन लिपीत. तीन वर्षांनी, 1619 मध्ये, गोव्यातच त्यांचे निधन झाले.

या ग्रंथात मराठीची थोरवी सांगताना ते पक्ष्यांतल्या मोराची आणि वृक्षांतल्या कल्पतरूची उपमा देतात. मोर आपण रानात पाहतो. कल्पतरू मात्र कोणी पाहिलेला नाही, तरी त्याचा अर्थ सर्वांना कळतो. इंग्लंडात वाढलेल्या या माणसाला हे कळले होते की प्रतीक लोकांच्या बोलीत आणि कथेत जगते. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले ते याच समजेतून.

आता आपल्या सापाकडे येऊ. बायबलमधल्या विलक्षण प्राण्यांवर फादरांनी वेगळा ग्रंथ लिहिला नाही, पण त्यांच्या आयुष्याने मला ते प्राणी कसे वाचावेत हे शिकवले. एदेन बागेत साप मोहाचे प्रतीक आहे. पण गणनाच्या पुस्तकात, अध्याय 21 मध्ये, सर्पदंशाने मरणाऱ्या लोकांसाठी मोशे पितळेचा साप खांबावर उंच करतो आणि त्याच्याकडे पाहणारा वाचतो. संत योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू स्वतःच्या क्रुसाची तुलना त्याच सापाशी करतो. आपल्या शिष्यांनी सापासारखे चतुर असावे, असेही तो सांगतो. पुढे प्रकटीकरणात तोच जुना साप सात डोक्यांचा अग्निवर्ण अजगर होऊन येतो. प्राणी एकच, पण अर्थ किती वेगळे!

सिंहाचेही तसेच आहे. संत पेत्र सैतानाला गर्जणारा सिंह म्हणतो आणि प्रकटीकरणात ख्रिस्त यहूदा वंशाचा सिंह आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत अगस्तीन यांचा एक विचार माझ्या मनात ठसला: पवित्र शास्त्रात एकच वस्तू कधी चांगल्या, कधी वाईट अर्थाने येते, म्हणून आधी ती कोणत्या कथेत आली आहे ते पाहावे. ईयोबाच्या पुस्तकातला लिव्याथान माणसाचा थरकाप उडवतो, पण 104 व्या स्तोत्रात देवाने त्याला समुद्रात खेळायला निर्माण केले आहे. योनाला गिळणारा मासा त्याला बुडण्यापासून वाचवतो. यहेज्केलने पाहिलेले मनुष्य, सिंह, बैल आणि गरुड यांचे चेहरे आपल्या परंपरेत चार शुभवर्तमानकारांची चिन्हे झाले.

प्रतीकाचा उलटा धोकाही शास्त्र सांगते. मोशेने केलेल्या त्या पितळी सापापुढे लोक पुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. खूण वाट दाखवते. वाट सोडून खुणेलाच धरून बसले की माणूस चुकतो, आणि खुणेलाच शत्रू समजून काठी उगारली तरीही चुकतो.

फादरांच्या ग्रंथाचे पुढे काय झाले? 1649 आणि 1654 साली तो पुन्हा छापला गेला. मग 1684 साली पोर्तुगीज सत्तेने लोकांच्या भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. पण लोकांनी हस्तलिखिते जपली, ओव्या म्हटल्या. 1907 साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला आणि 1956 साली पुण्यात देवनागरीत आला. सत्तेचा हुकूम विरला, कथा मात्र उरली.

आपल्या जव्हार-मोखाड्यात वाघबारशीला वाघोबाची आठवण होते. रानात राहणाऱ्या माणसाने वाघाची भीती आणि वाघाचा मान एकाच जागी ठेवला. आपल्या शेजाऱ्यांच्या या खुणांकडे आपण हसून किंवा काठी उगारून पाहू नये. आधी त्यांची कथा ऐकावी, मग आपली सांगावी, आणि ती पूर्ण सांगावी.

त्या मुलांना मी पुढच्या रविवारी पुन्हा बसवले. मोशेचा साप सांगितला, क्रूस सांगितला, आणि जमीन जवळ आल्याची खूण देणारे समुद्रातले सापही सांगितले. सर्वांत अभिमानाने बोलणारा तो मुलगा बराच वेळ गप्प होता. वर्ग सुटल्यावर त्याने मला विचारले की धामणीला पुरले कुठे. मी जागा दाखवली. तो तिथे थोडा वेळ उभा राहिला आणि घरी गेला.

मुलांना, आणि स्वतःलाही, पूर्ण कथा सांगण्याची सद्बुद्धी प्रभू आपणा सर्वांना देवो.

आपला,
धर्मगुरू