गणितात तीनदा नापास झाला, पण त्याच्यामुळे आज तुमच्या गाडीचं इंजिन आडवं आहे

घरात मारुती ८०० किंवा अल्टो असेल तर एकदा बोनेट उघडून बघा. इंजिन आडवं बसवलेलं दिसेल, एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे. एवढ्याशा गाडीत चार माणसं मावतात त्यामागे हे मोठं कारण आहे. आडवं इंजिन आधीही काही गाड्यांत होतं, पण ते जगभर रुळलं एका माणसामुळे. सर ॲलेक इसिगोनिस.

जन्म १९०६ चा, स्मर्ना शहरातला. म्हणजे आजचं तुर्कीतलं इझमिर. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, आई जर्मन. १९२२ मध्ये युद्धाच्या धामधुमीत ब्रिटिश जहाजाने या कुटुंबाला माल्टाला नेलं. सगळं मागे राहिलं. वडील माल्टातच वारले आणि मायलेक इंग्लंडला पोहोचले.

लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये ॲलेक गणितात तीनदा नापास झाला. चित्रं मात्र झकास काढायचा. पुढे मॉरिस कंपनीत नोकरी लागली आणि १९४८ मध्ये त्यांनी डिझाईन केलेली मॉरिस मायनर बाजारात आली. हीच गाडी आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने ‘बेबी हिंदुस्तान’ म्हणून आणली होती.

खरी गोष्ट सुरू होते १९५६ मध्ये. सुएझ कालव्याचं संकट आलं, ब्रिटनमध्ये पेट्रोल रेशनवर मिळायला लागलं. लोक तीन चाकांच्या, बुडबुड्यासारख्या गाड्या घ्यायला लागले. कारण एकच, ॲव्हरेज. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांना त्या गाड्या बघवत नव्हत्या. त्यांनी इसिगोनिस यांना सांगितलं, कमी पेट्रोल पिणारी, पण खरीखुरी कार बनवा. अट एकच, इंजिन कंपनीकडे आहे तेच वापरायचं.

इसिगोनिस यांनी हिशोब उलटा मांडला. लांबी फक्त १० फूट. त्यातली जवळपास ८० टक्के जागा माणसं आणि सामानाला. उरलेल्यात इंजिन बसवायचं. मग ८४८ सीसीचं इंजिन आडवं केलं, गिअरबॉक्स त्याच्या खाली ऑइलच्या सम्पमध्येच घातला (दोघांना एकच ऑइल!), चाकं फक्त १० इंचांची घेतली आणि सस्पेन्शनला स्प्रिंगऐवजी ॲलेक्स मोल्टन यांचे रबरी कोन लावले. २६ ऑगस्ट १९५९ ला मिनी लाँच झाली. टॅक्स धरूनही किंमत ५०० पाउंडांच्या आत. एका गॅलनला ४० मैलांच्या आसपास, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला साधारण १४ किलोमीटर. आज हा आकडा किरकोळ वाटेल, तेव्हा नव्हता.

बेसिक मॉडेलमध्ये हीटरसुद्धा नव्हता. इंग्लंडच्या थंडीत! सुरुवातीच्या गाड्यांत पावसाचं पाणी तळातून आत यायचं. खपही हळूच सुरू झाला. ज्यांच्यासाठी ती बनवली त्या साध्या कुटुंबांआधी लंडनच्या फॅशनेबल मंडळींनी ती डोक्यावर घेतली. मग मिनी कूपरने १९६४, १९६५ आणि १९६७ ला माँटे कार्लो रॅली मारली आणि विषयच संपला.

पण घेणाऱ्याला स्वस्त पडलेली गाडी बनवणाऱ्याला महाग पडत होती. फोर्डने एक मिनी सुटी करून बघितली आणि दर गाडीमागे ३० पाउंडांचा तोटा काढला, असं सांगतात. आकड्यावर वाद आहे. नफा अगदीच नाममात्र होता, यावर फारसा नाही. आमच्या मते यात एकट्या इसिगोनिस यांना दोष देणं बरोबर नाही, किंमत काही त्यांनी ठरवली नव्हती. पण खर्चापेक्षा कल्पनेवर त्यांचा जीव जास्त होता, हेही खरं. मिनीची जागा घेणारी आणखी छोटी गाडी त्यांनी तयार केली होती. १९६८ मध्ये कंपनी लेलँडमध्ये विलीन झाली आणि तो प्रकल्प गुंडाळला गेला. १९६९ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला, १९७१ मध्ये निवृत्ती. १९७५ मध्ये तोट्यात बुडालेली कंपनी सरकारला ताब्यात घ्यावी लागली.

त्यांनी लग्न केलं नाही. आई १९७२ मध्ये जाईपर्यंत दोघं एकत्रच राहिले. २ ऑक्टोबर १९८८ ला बर्मिंगहॅममध्ये इसिगोनिस गेले. तोवर भारतात आडव्या इंजिनाची मारुती ८०० येऊन जवळपास ५ वर्षं झाली होती. तिच्यात गिअरबॉक्स मात्र इंजिनच्या खाली नव्हता, शेजारी होता. ही सुधारणा फियाटच्या दांते जाकोसा यांची, १९६४ ची. मूळ मिनी त्यानंतरही २००० सालापर्यंत बनत राहिली, एकूण ५३ लाखांहून जास्त.