अंगणवाडीची आई : ताराबाई मोडक

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील कोणत्याही गावात गेलो, तरी शाळेच्या आवारात किंवा समाजमंदिराशेजारी एक खोली हमखास दृष्टीस पडते. भिंतीवर फळे, पक्षी आणि मुळाक्षरे रंगविलेली असतात. दाराशी चिमुकल्या चपला पडलेल्या असतात. आत एक सेविका, एक मदतनीस आणि त्यांच्याभोवती गावातील लहानगी असतात. या खोलीला आपण अंगणवाडी म्हणतो. हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्यामागे एका स्त्रीची आयुष्यभराची तपश्चर्या उभी आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ताराबाई मोडक हे त्या स्त्रीचे नाव. ३१ ऑगस्ट हा त्यांचा स्मृतिदिन. त्यांचे चरित्र आपल्या भागातील आईवडिलांनी आणि सेविका-भगिनींनी एकदा तरी वाचावे, या हेतूने आम्ही ते येथे थोडक्यात सांगत आहोत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेर केळकरांचे आणि घराण्यावर प्रार्थना समाजाच्या सुधारक विचारांचा संस्कार. मुलींनी शिकावे की नाही यावरच वाद चालण्याचा तो काळ. त्या काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु हा संसार टिकला नाही आणि १९२१ साली पतिपत्नी कायमचे विभक्त झाले. मोडलेल्या संसाराचा दोष स्त्रीच्याच माथी मारणाऱ्या त्या समाजात ताराबाईंनी कोणाच्या आश्रयाला न जाता नोकरी पत्करली. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात त्या प्राचार्य झाल्या. पद मानाचे होते आणि प्राप्ती निश्चित होती. अनेकांनी तेथेच आयुष्याची इतिश्री मानली असती.

याच सुमारास भावनगरला एक नवा प्रयोग चालू होता. वकिली सोडून बालशिक्षणाला वाहून घेतलेले गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. मुलांवर ते इतकी माया करीत, की गुजरातने त्यांना मिशा असलेली आई असे प्रेमाचे नाव दिले. छडी नाही, धाकदपटशा नाही, घोकंपट्टी नाही, असे ते बालमंदिर होते. १९२३ साली ताराबाई राजकोटचे पद सोडून गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. मोठ्यांना शिकविणारी प्राचार्या तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये जाऊन बसली, ही त्या काळी अनेकांना उलटी वाट वाटली असेल. पण ताराबाईंना आपले जीवितकार्य तेथेच गवसले.

या प्रयोगाची मूळ प्रेरणा मारिया मॉन्टेसरी यांची होती. श्रद्धेने कॅथलिक असलेल्या आणि पेशाने डॉक्टर असलेल्या या इटालियन विदुषीने ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले होते. कामगारांची मुले दिवसभर वाऱ्यावर असत. त्यांना स्वच्छता, नीटनेटकेपणा आणि हाताने करण्याजोगे काम मिळाले, तेव्हा त्यांची बुद्धी आपोआप फुलू लागली, असे मॉन्टेसरीबाईंना आढळले. पुढे १९३९ साली त्या भारतात आल्या आणि महायुद्धाची वर्षे त्यांनी येथेच घालविली. त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा. ताराबाईंचे देहावसानही ३१ ऑगस्टलाच व्हावे, हा एक योगायोगच.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. शिक्षण पत्रिकेच्या द्वारे त्यांनी हे नवे विचार गुजराती आणि मराठी घरांत पोहोचविले. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. एक गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांनी जेथे जेथे मुलांसाठी काम उभे केले, तेथे तेथे शिक्षिका घडविण्याचेही काम हाती घेतले. मुलाच्या वाढीला जसे पोषण लागते, तसेच त्याला सांभाळणारीलाही ज्ञान, उमेद आणि सहकाऱ्यांची साथ लागते, हे त्यांच्या कार्यपद्धतीतून स्पष्ट दिसते.

दादरचे काम रुजले होते. पण शहरातील सुस्थितीतल्या मुलांना जे मिळते, ते खेड्यातील मजुराच्या मुलाला का मिळू नये, हा प्रश्न उरला होता. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते; आज ते पालघर जिल्ह्यात येते. तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ या त्यांच्या सहकारी झाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताईंनी स्वतःच्या जिद्दीने शिक्षण घेतले होते. गुरू-शिष्येची ही जोडी पुढे अखेरपर्यंत अभंग राहिली.

बोर्डीत पहिला धडा ताराबाईंनाच मिळाला. बालवाडी उघडली, तरी दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले येईनात. आईबाप पहाटे कामावर जात. आठ-दहा वर्षांची बहीण कडेवर धाकटे भावंड घेऊन घर राखीत असे. मुलांना न्हाऊमाखू घालून वेळेवर पाठविणार कोण? अशा वेळी आईबापांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे असते. ताराबाईंनी ते केले नाही. मूल शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे, असे त्यांनी ठरविले. कार्यकर्त्या वस्तीत जाऊ लागल्या आणि घरापुढच्या अंगणातच मुले जमू लागली. ठरावीक जागी ठरावीक वेळी भरणारी ती मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीतल्या अंगणात भरणारी ती अंगणवाडी. आज देशभर चालणारा हा शब्द असा एका अडचणीतून जन्मला.

या अंगणातील पहिला पाठ अक्षरांचा नव्हता. मुलांचे हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे, नाक पुसणे, त्यांना अंघोळ घालणे, येथून दिवस सुरू होई. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. महागडी परदेशी साधने परवडण्यासारखी नव्हती. म्हणून शंखशिंपले, गारगोट्या, बिया, पाने, काड्या आणि माती यांतूनच मुले मोजायला, निवडायला, जुळवायला शिकली. भावंडांना सांभाळण्यात मोठ्या मुलींची शाळा बुडते, हे ध्यानी येताच तान्ह्यांसाठी पाळणाघर जोडले गेले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छताखाली आणणारी ही योजना विकासवाडी म्हणून ओळखली गेली.

१९५७ साली हे कार्य डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरे राखीत. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली. तिला कुरणशाळा म्हणत. १९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. अनुताईंनी १९९२ साली आपल्या निधनापर्यंत कोसबाडची ज्योत तेवत ठेवली.

ताराबाईंच्या पश्चात दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहारशिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एकाच ठिकाणी देणाऱ्या या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत.

आता आपण आपल्या मराठवाड्याकडे वळू या. ताराबाई बोर्डीत काम करू लागल्या, तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. त्यांची कर्मभूमी येथून दूर, समुद्रकाठी. तरीही त्यांचे प्रश्न आजही आपलेच आहेत. मुखेड, कंधार, जळकोट या डोंगराळ भागांतील कितीतरी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. लहान मुले एक तर थकलेल्या आजी-आजोबांपाशी राहतात, नाही तर फडाच्या कडेला कोपीत थंडीवाऱ्यात वाढतात. पाच-सहा महिने त्यांचे वजन कोणी करीत नाही; लशीची तारीखही निसटून जाते. मूल येत नसेल तर आपण जावे, हा बोर्डीचा नियम येथे किती लागू पडतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या अंगणवाडीचा पहिला पाठच हात धुण्याचा, तिच्या रांजणात पाणी नसेल, तर त्या पाठाचे काय होणार?

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. दर तीन मुलांमागे एक मूल, असा याचा अर्थ. म्हणूनच सेविका वजनकाटा आणि दंडाचा घेर मोजण्याची पट्टी घेऊन बसते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा हा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित असते आणि त्याला तातडीने उपचार लागतात. आईच्या डोळ्यांना जे रोज पाहून दिसत नाही, ते ही साधी पट्टी दाखविते.

या बाबतीत मराठवाड्याने एक चांगला कित्ताही घालून दिला आहे. २००२ नंतर तत्कालीन औरंगाबाद विभागात प्रत्येक बालकाचे वजन घेण्याचा आग्रह धरला गेला. कुपोषित मुलांचा खरा आकडा लिहिला, तर आपल्यालाच जाब विचारला जाईल, ही सेविकांच्या मनातील धास्ती दूर करणे हे तेथील मोठे काम होते. भीती गेली, तशी लपलेली मुले नोंदवहीत आली. आणि जे मूल नोंदवहीत आले, त्याच्यापर्यंत मदत पोहोचू शकली. याच अनुभवातून २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले.

आमच्या मते ताराबाईंच्या चरित्राचे सार नेमके येथे आहे. सांभाळणारी निर्भय आणि निरोगी असेल, तरच मूल निरोगी राहते. ताराबाईंनी साधने स्वस्त केली. माणूस कधी स्वस्त केला नाही. आपण मात्र पुष्कळदा उलट करतो. अंगणवाडीची भिंत रंगवितो, पण सेविकेची विचारपूस करीत नाही. तिला वेतन नव्हे, मानधन मिळते. शिकविणे, आहार, वजने, गृहभेटी, नोंदी, मोबाइलवरची माहिती, हे सारे तिच्या माथी. कोरोनाच्या साथीत घरोघरी जाऊन सर्वेक्षण करणाऱ्यांतही ती होती. सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. योजना सुरू होऊन तेव्हा सेहेचाळीस वर्षे उलटली होती. मुलांचे दंड मोजणाऱ्या या भगिनीचे स्वतःचे रक्त कमी आहे का, तिची कंबर दुखते का, तिला रात्री झोप लागते का, हे कोण पाहते?

प्रिय वाचकहो, मोठी योजना आपल्या हाती नसली, तरी आपल्या गावची अंगणवाडी आपल्या हाती आहे. घरातील बालकाला वजनाच्या दिवशी न चुकता घेऊन जावे आणि त्याच्या वाढीचा तक्ता मागून पाहावा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे आणि पोहोचेल तेथील अंगणवाडीत मुलाचे नाव सांगावे. उन्हाळ्यात अंगणवाडीच्या रांजणासाठी दोन घागरी पाणी शेजाऱ्यांनी आळीपाळीने द्यावे. धर्मग्रामात आरोग्य शिबिर भरले, तर सेविका आणि मदतनीस यांची तपासणी सर्वांच्या आधी करावी. आणि मुलाचे वजन कमी भरले म्हणून सेविकेवर रागावू नये. तिने खरे सांगितले, याबद्दल तिचे आभार मानावेत.

संसार मोडल्यावरही ताराबाईंनी हजारो घरांच्या अंगणाला अर्थ दिला. ते अंगण आता आपल्या दाराशी आहे. ते झाडून ठेवणे आणि तेथे रोज सकाळी येऊन उभी राहणाऱ्या भगिनीला जपणे, हे काम आता आपले आहे.