तीन काडतुसं, दोन अंडी

वाघाची शिकार म्हटली, की डोळ्यांपुढे हत्ती, तंबू आणि हाकाऱ्यांची फौज उभी राहते. तो थाट संस्थानिकांचा. १८७५ साली नैनितालला जन्मलेला आणि १९५५ साली केनियात वारलेला जिम कॉर्बेट नरभक्षकामागे पायी निघे. उमेदीची वर्षं त्याने मोकामेह घाटावर रेल्वेचा माल हलवण्यात घालवली, पण स्वतःच्या अंगावर मात्र अगदी मोजकंच सामान. मला त्याच्या शौर्यापेक्षा या मोजमापाचंच कुतूहल अधिक.

१९०७ साली चंपावतला ते मोजमाप अंगाशी आलं. ४३६ बळी घेणाऱ्या वाघिणीच्या हाक्याला जाताना त्याने तीनच काडतुसं घेतली. दोन पुरतील, तिसरं अडीअडचणीला. तिन्ही संपली आणि जखमी वाघीण समोर! धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक आणली, म्हणून निभावलं. (आम्ही बँकवाले तिजोरीत रोकड एवढी ताणून ठेवत नाही.)

त्या कामगिरीबद्दल त्याला हलकी रिग्बी रायफल भेट मिळाली. १९३० साली चौगढच्या वाघिणीमागे हिंडताना उजव्या हातात तीच होती आणि डाव्या हातात वाटेत उचललेली रातव्याची दोन अंडी. अंडी जमवण्याचा त्याला नाद! खडकाला वळसा घातला, मागे पाहिलं, तर आठ फुटांवर वाघीण. अंड्यांमुळे हात झटकन हलवता येईना. एकाच हाताने त्याने रायफल इंचाइंचाने फिरवली. जड रायफल अशी फिरलीच नसती.

वाघीण पडल्यावर त्याने अंडी होती तिथे नेऊन ठेवली. अर्ध्या तासाने पाहिलं, तर रातवा त्यांच्यावर बसलेला होता.