गणेशचतुर्थीचे ऋण : संतकवी दासगणू

गणेशोत्सवाच्या मंगल पर्वावर घरोघरी टाळ-झांजांच्या गजरात आरत्या म्हटल्या जातात. पद ओठांवर असते, परंतु पदकर्त्याचे स्मरण क्वचितच होते. आज आम्ही वाचकांना नांदेडच्या अशाच एका पदकर्त्याच्या चरित्राकडे नेऊ इच्छितो. त्यांचे नावच मुळी गणेश होते. गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे, म्हणजेच संतकवी दासगणू महाराज.

त्यांचा जन्म 1868 साली नगर जिल्ह्यातील अकोळनेर येथे झाला. शिक्षण बेताचे, नोकरी पोलिसातील शिपायाची. कवित्व मात्र उपजतच होते. प्रारंभी ते तमाशाच्या फडांसाठी लावण्या रचण्यात खर्ची पडले. नानासाहेब चांदोरकरांच्या समवेत ते शिर्डीस गेले आणि साईबाबांच्या दृष्टीस पडले. फौजदार होण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या या शिपायाला बाबांनी नोकरी सोडावयास सांगितले. ते सहजी घडले नाही. मोह आणि आज्ञा यांची ओढाताण बरीच वर्षे चालली. अखेर वर्दी उतरली, आणि शृंगार रचणारी लेखणी संतचरित्रांकडे वळली. ‘भक्तलीलामृत’, ‘संतकथामृत’ आदी ग्रंथ तिच्यातूनच उतरले.

पुढे दासगणूंनी निजामाच्या राज्यातील नांदेड ही आपली कर्मभूमी केली. एकदा अंगरखा, उपरणे, फेटा असा थाट करून ते कीर्तनास निघाले असता बाबांनी नवरदेवासारख्या त्या वेषाची थट्टा केली. तेव्हापासून उघडे अंग, गळ्यात हार आणि हाती चिपळ्या एवढ्यावरच ते कीर्तनास उभे राहू लागले. ज्याला त्यागाचे निरूपण करावयाचे, त्याने प्रथम स्वतःचा थाट उतरवावा, हा धडा त्यांनी जन्मभर पाळला.

या धड्याची खरी कसोटी ईशावास्य उपनिषदावर प्राकृत ओवीबद्ध टीका लिहिताना लागली. त्यागातूनच भोग घ्यावा, हा पहिल्या मंत्राचा आशय त्यांना उलगडेना. पंडितांशी चर्चा करूनही समाधान होईना. बाबांनी सांगितले, की विलेपार्ल्यास काकासाहेब दीक्षितांच्या घरची मोलकरीण ही शंका फेडील. तेथे पहाटे फाटक्या वस्त्रातील एक पोर नारिंगी साडीचे वर्णन गात भांडी घासताना त्यांच्या कानी पडली. कळवळून त्यांनी रावबहादूर प्रधानांकडून तिला नवी साडी देवविली. दुसऱ्या दिवशी ती नेसून पोर आनंदाने फुगड्या खेळली. तिसऱ्या दिवशी मात्र ती साडी घरी ठेवून जुन्याच चिंध्यांत आली. तरीही मुद्रेवरील आनंद रतिमात्र उणा नव्हता. सुख वस्त्रात नसून वृत्तीत असते, हे उपनिषदाचे मर्म दासगणूंना तेथे गवसले. परंतु त्या पोरीचे दारिद्र्य पाहून त्यांचे अंतःकरण प्रथम द्रवले आणि साडी प्रथम दिली गेली, हा क्रमही आम्हांस तितकाच मोलाचा वाटतो. दुसऱ्याच्या चिंध्यांना वैराग्य म्हणून मोकळे होणे सोपे असते. ते त्यांनी केले नाही.

1918 च्या गणेशचतुर्थीस नर्मदातीरी महेश्वर क्षेत्री त्यांनी ‘साईनाथ स्तवनमंजरी’ पूर्ण केली. त्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, विजयादशमीस, बाबांनी देह ठेवला. ज्यांच्यासाठी स्तवन रचले ते दृष्टीआड झाले, स्तवन मात्र मुखोमुखी राहिले. शिर्डीलाच पंढरपूर मानणारी त्यांची आरती आजही तेथील नित्य उपासनेत आहे. पुढे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, 1939 साली, शेगावी त्यांनी ‘श्रीगजानन विजय’ हा 21 अध्यायांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे नायक गजानन महाराज 1910 च्या ऋषिपंचमीस समाधिस्थ झाले होते. चतुर्थी आणि पंचमी, गणेशोत्सवाचे हे दोन्ही दिवस दासगणूंच्या वाङ्मयाशी असे जोडले गेले आहेत.

1962 साली पंढरपुरी त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी नांदेड जिल्ह्यातच, उमरीजवळील गोरटे येथे आहे. नांदेड-लातूरकडील भाविकांना ते स्थान दूर नाही. परंतु तेथे जाणे घडो वा न घडो, यंदाच्या उत्सवात आरतीचा टाळ हाती घेताना ती रचणाऱ्याचे नाव मुलाबाळांना सांगावे, एवढीच आमची विनंती आहे. पदाचे ऋण पद गाऊन फिटते. पदकर्त्याचे मात्र त्याच्या स्मरणानेच.